जमिनीवर त्यांचे, भिंतींवर तिचे

सोलापूर, रविवार

आज दुपारभर जॅक्सन पोलॉक आणि ली क्रॅस्नर या चित्रकार दांपत्याच्या घराविषयी वाचत होते. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील स्प्रिंग्ज या वस्तीतले हे घर त्यांनी १९४५ मध्ये, लग्नानंतर लगेच, कलासंग्राहक पेगी गुगनहाइम यांच्याकडून काही रक्कम उसनी घेऊन विकत घेतले. पुढच्या वर्षी आवारातले जुने कोठार पोलॉक यांची चित्रशाळा झाले आणि त्यांनी रिकामी केलेली वरच्या मजल्यावरची झोपण्याची खोली क्रॅस्नर यांच्या वाट्याला आली. त्यांची ‘लिटल इमेज’ मालिकेतील चित्रे तिथलीच, आकाराने लहान. खोलीच तेवढी होती.

पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर रंग ओतत, त्यामुळे कडेबाहेर गेलेला रंग फळ्यांवर साचत राहिला. १९५३ मध्ये ती जमीन नव्या तक्त्यांनी झाकली गेली आणि १९५६ मध्ये मोटार अपघातात पोलॉक गेले. १९५७ पासून त्याच कोठारात क्रॅस्नर काम करू लागल्या. पाच मीटरांहून रुंद असलेले ‘द सीझन्स’ त्याच वर्षीचे. क्रॅस्नर १९८४ मध्ये निवर्तल्या आणि त्यांच्या इच्छेनुसार १९८८ मध्ये घराचे संग्रहालय झाले. त्या तयारीत तक्ते काढल्यावर खालचे रंग जसेच्या तसे सापडले. आता पाहुणे मऊ सपाता घालून त्या जमिनीवर चालतात; भिंतींवर मात्र क्रॅस्नर यांच्या कुंचल्याचे फटकारे आहेत. लोक खाली पाहतात हे स्वाभाविक आहे, पण मला त्या भिंती अधिक मोलाच्या वाटतात, कारण मोठी जागा मिळताच त्यांचे चित्र किती विस्तारले, हे तिथेच कळते.

आपल्याकडे साखर पेठेतल्या विणकरांच्या घरांत खड्डामागावर पुरुष बसे आणि भिंतीशी रहाटावर कांड्या भरत घरातली बाई बसे. चादरीचे श्रेय मात्र मागालाच मिळे. आमच्या ओळखीचे असे एक घर लवकरच पाडणार आहेत. मागाच्या खड्ड्याचे फोटो त्यांच्या मुलाने काढले आहेत. उद्या जाऊन काकूंना त्यांची बसण्याची जागा विचारणार आहे, आणि रहाटाशेजारी टेकून टेकून गुळगुळीत झालेल्या त्या भिंतीचाही फोटो काढून घेणार आहे.