बाप सापडला

व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या एका जुन्या मळ्यावरच्या कबरींचं काम आमच्या प्रयोगशाळेत चालू आहे. सतराव्या शतकाची अखेर. वसाहतीतले इंग्रज एका बाजूला पुरलेले, थोडं अंतर सोडून आफ्रिकी वंशाचे तिघं. त्यातला एक पुरुष आणि एक लहान मुलगा, दोघांचे निकाल त्या दिवशी एकदम आले.

आतल्या कानाभोवतीचं हाड शरीरात सर्वांत घट्ट, म्हणून डीएनए तिथे टिकतो. चिमूटभर भुकटी मिळते. तुकडे डीएनएच्या पन्नास-साठ अक्षरांचे, टोकांशी बिघडलेले. ‘सी’च्या जागी ‘टी’ वाचला जातो. हा जुनेपणाचा बिघाड दिसला की मला हायसं वाटतं. तो नसेल, तर डीएनए खोदकाम करणाऱ्याचाच असण्याची शंका येते.

दोघांचं निम्मं डीएनए जुळत होतं. सख्ख्या भावांचंही साधारण तेवढंच जुळतं, पण त्यांच्यात गुणसूत्रांच्या काही पट्ट्यांवर आईकडची आणि बापाकडची अशा दोन्ही प्रती जुळतात, काहींवर एकही नाही. इथे लिंग ठरवणारी जोडी सोडून गुणसूत्रांच्या बावीसही जोड्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक प्रत जुळलेली. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्रही एकाच शाखेचं. बाप आणि लेक! इतक्या विरळ माहितीतून नातं एवढं स्वच्छ दिसावं, याचा मला फार अभिमान वाटला.

१६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला: मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. मग बापाची नोंद कोण ठेवणार? आणि आई या कबरींत नाही. तिची मातृशाखा, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची शाखा, आफ्रिकी, एवढंच मुलाच्या हाडातून कळलं.

बैठकीत पहिला प्रश्न आला, आजचे वंशज किती? अहो, मूल लहानपणीच गेलं! मेरीलँडच्या कॅटॉक्टिन लोखंडभट्टीवर पुरलेल्या २७ कृष्णवर्णीयांचे ४१,७९९ जिवंत नातलग २०२३ साली सापडले, तेही बहुतेक समान पूर्वजांमार्फत जोडलेले दूरचे. शिवाय जुळणी होते ती डीएनए चाचणीच्या कंपनीला पैसे भरून लाळ पाठवलेल्या, संशोधनाला संमती दिलेल्या माणसांशी, आणि त्यांत युरोपीय वंशाचेच जास्त. ज्यांच्या घराण्याचे कागद आधीच आहेत, त्यांनाच आणखी नातेवाईक मिळतात. हे मला खुपतं.

वरिष्ठांना मळेवाल्याच्या घराण्यावर लेख हवाय, बापलेक पुरवणीतल्या तक्त्यात. मी लेखी विरोध नोंदवलाय. छापण्याआधी तिथल्या कृष्णवर्णीय चर्चच्या मंडळींना भेटून सांगावं, असंही त्यात लिहिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.