भंगारात निघालेली लॅब

"भाऊ, लॅबमधली सगळी मशिनं भंगारात काढा म्हणतायत. एकदा येऊन बघून जा ना." यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि कोटेशन घेऊन आलेल्या माणसाने त्यांना सांगितलं, आता ही मशिनं चालणारच नाहीत.

सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, सुरक्षेचे अपडेट थांबतात. पण इंटरनेटला जोडलेल्या लॅबमध्ये तो धोका खराच, त्यामुळे "राहू द्या तसंच" असंही मला म्हणता येईना.

कॅबिनेट उघडले. इंटेलचे चौथ्या पिढीचे आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, आणि पंख्यात काळ्या मातीची धूळ बसलेली. ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. बोर्ड ठणठणीत निघाले. तरी विंडोज ११ त्यांच्यावर रीतसर बसत नाही. त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग. सुरक्षेचं कारण मला पटतं. पण ज्या शाळेला पुढचा निधी कधी मिळेल याचा भरवसा नाही, तिथे या अटींपायी पोरांसमोरचं चालतं मशीन उचलून न्यायचं, याचा मला मनापासून राग येतो.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत सिस्टीम, चालू करून दाखवली. डिस्कवरचं काही पुसावं लागत नाही. "मराठी टाइप होईल?" इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लावून दिला. सरांनी शाळेचं नाव जोडाक्षरांसकट टाइप केलं.

अडलं ते जुन्या प्रश्नपत्रिकांपाशी. त्या युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसण्याच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, आणि तो फॉन्ट नसला की पानभर नुसती चिन्हं दिसतात. ऑफिसची काही कामंही विंडोजशिवाय होत नाहीत. म्हणून ऑफिसला एक नवीन मशीन घ्या, असं मी स्पष्ट सांगितलं. लॅबला फक्त हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा वेगवान डिस्क, आणि थोडी रॅम. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पहिलं मशीन मी तयार केलं. दुसरं गणिताच्या सरांनी, मी शेजारी बसून. प्रत्येक पायरी त्यांनी मराठीत वहीत उतरवून घेतली, म्हणजे बाकीची त्यांची तेच करतील.