फॉन्ट हीसुद्धा परक्याची फाईल

मी मराठी वेबसाइट बनवतो. दिवाळी अंक, छोटे प्रकाशक, एखाद-दुसरी संस्था. कामाचा निम्मा वेळ फॉन्टमध्ये जातो: मराठी वळणाचा ल आणि श आहे का, रफार मात्रेवर आदळतो का, फाईल किती केबीची झाली. म्हणून ब्राउझरमध्ये सुरक्षेची नवी चूक सापडल्याचं कळलं की मी आधी पाहतो, यात फॉन्टचा संबंध आहे का. वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा असतो.

पान उघडलं की त्याचा फॉन्ट तुम्हाला न विचारता उतरतो. ‘डाउनलोड करू का?’ असं कोणी विचारत नाही. आणि फॉन्ट म्हणजे नुसत्या अक्षरांच्या बाह्यरेषा नव्हेत. आत टेबलांमागून टेबलं असतात: जोडाक्षरं कशी जुळवायची त्याचे नियम, बारीकपासून ठळकपर्यंतची वजनं, आणि रंगीत इमोजीच्या फॉन्टमध्ये तर अख्खी पीएनजी चित्रं. हे सगळं वाचून पडद्यावर उमटवायचं काम क्रोममध्ये अनेक वर्षं फ्रीटाइप ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड, करत आली. डेव्हिड टर्नरने १९९६ साली सुरू केलेली, सी भाषेतली, आणि लिनक्सपासून अँड्रॉइडपर्यंत सगळीकडे बसलेली. तिच्याशिवाय मोबाइलवर धड मराठी वाचता आली नसती, हे मी मनापासून मानतो. पण सीमध्ये मेमरीचा हिशेब प्रोग्रामरने स्वतः ठेवायचा असतो, आणि तो चुकला तर भाषा गप्प बसते.

ऑक्टोबर २०२० मध्ये सापडलेली चूक मी कोड उघडून पाहिली आहे. गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या सुरक्षेच्या चुका शोधणाऱ्या पथकातल्या सर्गेई ग्लाझुनोव्हने ती शोधली. अशा चुकांच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२०-१५९९९. फॉन्टमधलं पीएनजी चित्र वाचणाऱ्या फंक्शनमध्ये ती होती. पीएनजीच्या सुरुवातीला चित्राची रुंदी आणि उंची ३२ बिटांत लिहिलेली असते. फ्रीटाइप ती १६ बिटांच्या जागेत उतरवून घेत होतं. १६ बिटांत ६५,५३५ च्या वरचा आकडा मावत नाही. ६५,५३७ लिहिलात तर उरतो १. चित्र फार मोठं आहे का, हे पाहणारी ओळ कोडमध्ये होती! मर्यादा ३२,७६७ ची. पण ती ओळ आकडा कापला गेल्यानंतर यायची. तिच्यापुढे १ येणार आणि ती खुशाल पास करणार. मग एका पिक्सेलच्या रुंदीपुरती जागा घेतली जायची, आणि पीएनजी उलगडणारी लायब्ररी मूळ रुंदीप्रमाणे पिक्सेल ओतत सुटायची. जागेच्या पलीकडे जे काही असेल, त्याच्यावर. दुरुस्ती काय केली? तपासणीची ओळ वर नेली.

ही चूक सापडली तेव्हा कोणीतरी ती आधीच वापरत होतं. ब्राउझर असा कोड सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्या मशीनपासून तोडलेल्या कप्प्यात चालवतो, त्यामुळे हल्लेखोराला बाहेर पडायला दुसरी चूक लागते. तीही त्यांच्याकडे होती, विंडोजच्या कर्नलमधली, म्हणजे गाभ्यातली. दोन्ही एकत्र वापरल्या जात असल्याचं प्रोजेक्ट झिरोने त्याच महिन्याच्या शेवटी जाहीर केलं.

मार्च २०२५ मध्ये फेसबुकने फ्रीटाइपचीच आणखी एक चूक जाहीर केली. यावेळी व्हेरिएबल फॉन्टमध्ये, म्हणजे एकाच फाईलमध्ये सगळी वजनं असलेल्या फॉन्टमध्ये. मी ‘बालू २’ वापरतो तो याच जातीचा. पुन्हा आकड्याचीच गडबड: ऋण होऊ शकणारा छोटा आकडा मोठ्या धन आकड्यात भरला, बेरजेत तो उलटा फिरला, घेतलेली जागा अपुरी पडली. फ्रीटाइप २.१३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना हा धोका होता. नव्या आवृत्तीत तो नव्हता, पण जुन्या प्रती फोनांमध्ये तशाच बसून होत्या. अँड्रॉइडची दुरुस्ती मे महिन्यात आली.

आता कोणी म्हणेल, चुका होणारच, दुरुस्त करत राहा. मला हे पटत नाही. क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर बेतलंय त्या खुल्या ब्राउझरच्या लोकांनी २०१५ पासूनच्या ९१२ गंभीर चुका तपासून २०२० मध्ये सांगितलं की त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या आहेत. इतक्या हुशार माणसांकडून, इतक्या चाचण्या करूनही हेच होत असेल, तर ‘अजून काळजी घ्या’ हे उत्तर नाही. त्यांचा स्वतःचाच नियम आहे: परक्याची फाईल, असुरक्षित भाषा आणि जास्तीचे अधिकार, या तिन्हींपैकी एका जागी दोनच चालतील. फॉन्ट परक्याचा असतो, ते बदलता येत नाही. सँडबॉक्सने अधिकार कमी केले. राहिली भाषा.

ती बदलली जातेय याचा मला खरोखर आनंद आहे. स्क्रिफा नावाची फॉन्ट वाचणारी लायब्ररी रस्टमध्ये, म्हणजे मेमरीचा हिशेब स्वतः तपासणाऱ्या भाषेत, नव्याने लिहिली गेली, आणि २०२५ च्या क्रोम १३३ पासून अँड्रॉइड, लिनक्स आणि क्रोमओएसवर वेबफॉन्टसाठी फ्रीटाइपच्या जागी तीच चालते. रस्टमध्ये चुका होत नाहीत असं नाही. ३२ बिटांचा आकडा १६ मध्ये कोंबणं तिथेही जमतं. पण घेतलेल्या जागेबाहेर लिहायला गेलात की प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो. फार तर टॅब बंद पडेल. शेजारची मेमरी हल्लेखोराच्या हाती जाणार नाही.

हे सगळं अपडेट होणाऱ्या मशीनसाठी. आमच्या ओळखीच्या एका छापखान्यात अजून विंडोज ७ आहे, कारण जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे मशीनला लावायची परवान्याची किल्ली, नव्या मशीनवर चालत नाही. विंडोज ७ साठी शेवटचं क्रोम १०९, २०२३ सालचं. “काका, या मशीनवर नेट नको,” मी म्हटलं. “अरे, पण मेलवरून मॅटर येतं ना!” त्यांचंही खरं आहे. शेवटी मेल उघडायला वेगळं मशीन ठेवलं, जुन्याची केबल काढली. असे छापखाने गावोगावी आहेत, आणि त्यांना हे कोणीतरी बसून समजावून सांगायला हवं.

अजून एक मोठं काम बाकी आहे. अक्षरांची जुळणी, म्हणजे वेलांटी आधी आणणं, रफार वर चढवणं, हे हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि ती सी प्लस प्लसमध्ये आहे, जिथे मेमरीचा धोका सीसारखाच. तिचं रस्टमधलं रूप, हार्फरस्ट, घडतं आहे. असं इंजिन बदलताना इंग्रजी कोणीही तपासेल. मराठी आपणच तपासायची. माझ्याकडे चाचणीच्या शब्दांचं एक पान आहे: दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना, तऱ्हा, मूर्ती, शृंगार, दृष्ट्या. ‘ऱ्य’चा अर्धा र रफार होऊन वर गेला की चूक लगेच दिसते. तुमच्या फॉन्टमध्ये मोडणारे आणखी शब्द असतील तर फॉन्टच्या नावासकट मला कळवा, मी त्या पानात घालतो.