तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्टर हलत नाही, स्क्रू ड्रायव्हर ठोकू का?

"ऑइल फिल्टर जागचा हलत नाहीये. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवू का?" घरी गाडीची सर्व्हिसिंग करायला लागल्यापासून ओळखीचे लोक मला हा प्रश्न हमखास विचारतात. ऑइल फिल्टर म्हणजे इंजिनाचं ऑइल गाळणारा, आट्यांवर फिरवून बसवलेला पत्र्याचा डबा. विचारणारा बहुतेक वेळा गाडीखाली आडवा असतो, हात काळे झालेले असतात आणि फोन घरातलं दुसरंच कुणीतरी त्याच्या कानाशी धरून बसलेलं असतं. मी आधी एवढंच विचारतो: "ऑइल काढून टाकलंत की अजून आत आहे?"

आत असेल तर काळजी नाही. गाडी अजून चालती आहे. जमलं तर जमलं, नाही तर सकाळी चालवत गॅरेजला न्यायची. ऑइल काढलेलं असेल आणि फिल्टरला भोकही पाडलेलं असेल, तर गाडी जिथे उभी आहे तिथेच राहणार. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की आधी फिल्टर हलवून बघा, मग ड्रेन बोल्टला, म्हणजे ऑइल खाली सोडायच्या बोल्टला, हात लावा. तो एकदा किंचित फिरला, हाताला सैल लागला, की तिथेच थांबा आणि खुशाल ऑइल सोडा. बहुतेक जण उलट करतात. मीही तसंच करत होतो.

त्या रविवारी साताऱ्यातल्या घरी, अंगणात, आमची वॅगन-आर स्टँडवर चढवली होती. आधीची सर्व्हिसिंग एका गॅरेजमध्ये झालेली. ड्रेन बोल्ट सोडला, जुन्या घमेल्यात साधारण तीन लिटर काळं ऑइल उतरलं, आणि मग फिल्टरला हात घातला. हलेना. डब्याला काचपेपर गुंडाळून बघितला, पट्ट्याचा पाना लावला, तो तेलकट पत्र्यावरून घसरत राहिला. संध्याकाळ व्हायला आली तसा धीर सुटला आणि मी स्क्रू ड्रायव्हर ठोकला. फिल्टर फिरला नाही, पत्राच फाटत गेला. भोक लांबलं, आतल्या कागदाच्या घड्या बाहेर आल्या, उरलंसुरलं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं.

समोर राहणारे काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते टॉर्च घेऊन आले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "डबा गेला तर जाऊ दे. वरची चकती शाबूत आहे ना, मग सुटतोय."

तोवर मी त्या चकतीचा विचारच केला नव्हता. फिल्टरचा डबा पातळ पत्र्याचा असतो, पण इंजिनाला टेकते ती बाजू जाड चकतीची असते. आटे तिलाच असतात आणि त्यांच्याभोवती ऑइल आत जायची छोटी भोकं. डबा या चकतीच्या कडेवर दुमडून बसवलेला असतो. काकांनी छिन्नीचं टोक त्या दुमडलेल्या कडेवर तिरपं टेकवलं, घड्याळाच्या उलट दिशेला, इंजिनाच्या पृष्ठभागापासून दूर. तिथे ओरखडा पडला तर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली नवी रबर रिंग कितीही चांगली असली तरी ऑइल गळणार, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. मग हातोडीचे हलके ठोके, जोरात एकही नाही. पहिल्या आठ-दहा ठोक्यांचा आवाज बद्द होता. मग तो एकदम बदलला, मोकळा झाला. "हलली," ते म्हणाले. पुढची फेरी त्यांनी बोटांनीच काढली.

रबर रिंग मात्र चकतीबरोबर आली नाही. ती इंजिनालाच चिकटून राहिली होती, काळ्या बांगडीसारखी. काकांनी ती नखाने उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. भाजल्यासारखी कडक झालेली, एका बाजूने चपटी. "कोरडी बसवलीय आणि पान्याने आवळलीय."

फिल्टर अडकण्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. नवीन रिंगला बोटभर ऑइल न लावता फिल्टर फिरवला की रबर पृष्ठभागावर घसरत नाही, मुडपतं आणि तसंच दाबलं जातं. वर पान्याने आवळला, मग इंजिन हजारो किलोमीटर तापत-निवत राहिलं की ते रबर धातूला धरून बसतं. तुमच्या हातात जोर कमी आहे असं मनाला लावून घेऊ नका.

आता काढायचा कसा ते. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि कोमट होऊ द्या. कोमट रबर थोडं मऊ पडतं. गरम इंजिनाशी झटू नका. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर हात भाजेल. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नका, सपाट जागी स्टँड लावा, विटा-दगड नकोत. मग दिशा नक्की करा. फिल्टरच्या गोल बुडाकडे बघितलं तर तो घड्याळाच्या उलटा सुटतो, पण खाली आडवं पडून, हात वाकवून काम करताना भलेभले उलटसुलट करतात आणि आणखी आवळतात. मी डब्यावर खडूने बाण काढतो.

डबा थिनरने किंवा डिटर्जंटने पुसून कोरडा करा. मग काचपेपर, मग पट्टा. पट्टा किंवा चेन पाना इंजिनाच्या जवळच्या कडेला लावा, तिथे डबा ताठ असतो. मधोमध लावला तर चेपतो. सगळ्यात चांगली ती फिल्टरच्या बुडावर टोपीसारखी बसणारी वाटी, पण ती तुमच्याच फिल्टरच्या मापाची हवी. जोर एकदम लावू नका, छोटे छोटे झटके द्या. एवढ्यानेही नाही हलला तर गाडी घेऊन गॅरेजला जा. ऑइल अजून आत आहे, म्हणून तर जाता येतंय.

स्क्रू ड्रायव्हर मी वर्ज्य म्हणत नाही, पण तो अगदी शेवटी, नवा फिल्टर हातात असताना आणि दुसऱ्या दिवशी गाडीवाचून अडणार नसेल तेव्हाच. तोही इंजिनापासून जरा लांब ठोकायचा, कारण ज्या आट्यांच्या नळीवर फिल्टर बसतो ती डब्याच्या आत शिरलेली असते. तिचे आटे गेले तर दोनेकशे रुपयांच्या फिल्टरसाठी मोठं काम निघेल.

सुटल्यावर घाई करू नका. जुनी रिंग फिल्टरबरोबर आली का बघा. इंजिनावरच राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर दोन रिंगांच्या फटीतून काही मिनिटांत सगळं ऑइल बाहेर पडतं. त्या जागेवरून बोट फिरवा, बोटाला कळतं. कधी कधी आट्यांची नळीही फिल्टरबरोबर सुटून येते, ती परत बसवावी लागते. नव्या रिंगला नवं ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवा, रिंग टेकली की तिथून साधारण पाऊण फेरी. बहुतेक खोक्यांवर हे छापलेलंच असतं आणि तुमच्या फिल्टरवर वेगळं लिहिलं असेल तर तेच धरा. पाना नाही. फक्त हात. मग गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढं ऑइल भरून इंजिन चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद करा. खाली वाकून थेंब पडतोय का बघा, थोडं थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, तपासा.

घमेल्यातल्या जळक्या ऑइलचं काय, हेही पुष्कळजण विचारतात. गावाकडे ते वाळवीसाठी वाशांना आणि कुंपणाच्या खांबांना फासतात. मीही ते चुलत्यांना देत असे. आता देत नाही. खांबावरून ते मातीत उतरतं आणि त्यांची विहीर तिथून वीस पावलांवर आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइलही त्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून मी ते एका गॅरेजच्या पिंपात देतो, जिथून ते पुनर्प्रक्रियेला जातं. जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवतो, सकाळी घमेल्यात आणखी वाटीभर उतरलेलं असतं.

काका आता फारसे वाकत नाहीत. पण आमच्या अंगणात गाडी स्टँडवर चढली की खुर्ची घेऊन येऊन बसतात, आणि मी नवा फिल्टर बसवायला घेतला की विचारतात, "रिंगला ऑइल लावलंस का?"