पंधरा पाऊण सव्वाअकरा

"आपण बेटावर राहायला जायचंय," असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, तेव्हा आई मटार सोलता सोलता म्हणाली, "मग आत्ता कुठे राहतेस?"

दादरला राहते. म्हणजे खरं तर बेटावरच, फक्त मधल्या खाड्या बुजवल्यामुळे ते कळत नाही. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबईची बेटं इंग्लंडच्या राजाला हुंडा म्हणून मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. सातच्या सात. मढ बेटावर आम्ही जो व्हिला भाड्याने घेतला (बंगलाच तो, पण व्हिला म्हटलं की भाडं वाढतं), त्याचे एका रात्रीचे १८ हजार. दादाने आणि मी निम्मे निम्मे भरले, म्हणून जमलं.

घेतला तो एका फोटोवरून. बंगल्याच्या कठड्यावर लाट फुटलेली, पांढरे तुषार उडालेले आणि मागे केशरी सूर्य अर्धा बुडालेला. मी त्यावर वरताण करायची म्हणून मुद्दाम पौष पौर्णिमा गाठून बुकिंग केलं. सूर्यास्त, मग चांदणं, खाली समुद्र. एवढी अक्कल वापरून मी आयुष्यात दुसरं कुठलंही बुकिंग केलेलं नाही.

वेसाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे जायला काही मिनिटं लागतात. माणसं, मोटारसायकली, माशांच्या रिकाम्या टोपल्या, सगळे एकाच बोटीत. दादा गाडीने मालाड-मार्वेकडून फिरून आला. तो आमच्यानंतर दीड तासाने पोचला आणि चहा होईपर्यंत कोणाशी बोलला नाही.

बंगल्याच्या अलीकडे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून उलटे टांगलेले, ओळीच्या ओळी. वहिनीने नाकाला रुमाल लावला. आई मात्र रिक्षा थांबवायला सांगते की काय अशी भीती मला वाटली, कारण तिचं माहेर कोकणातल्या हर्णै बंदराचं. त्या वासाने तिचा चेहरा एकदम बदलला. साठ वर्षांपूर्वीची कोणीतरी मुलगी रिक्षात येऊन बसल्यासारखं वाटलं.

साडेपाचला आम्ही नटूनथटून कठड्याशी आलो. लेकीने मोबाइल स्टँडवर लावला. सूर्य बरोबर जागेवर होता. समुद्र नव्हता.

म्हणजे खाली काळे खडक, त्यांच्या फटींत डबकी, पुढे चिखलासारखी ओली वाळू, तिच्यावर एक कुत्रा आणि खूप लांब, क्षितिजाच्या अलीकडे, एक चमकती रेघ. मी केअरटेकरला विचारलं, "समुद्र?" त्याने त्या रेघेकडे बोट केलं. "आहे ना मॅडम. तिकडे."

आई मागून म्हणाली, "आज पौर्णिमा ना? मग आत्ता कसा असेल? पंधरा पाऊण सव्वाअकरा."

हे काय, म्हणून लेकीने विचारलं. आईच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी असे पाढे होते. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही. सव्वासहा तास पुढे सरकलात की ओहोटी. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, भरतीही त्याच्यामागून तेवढीच उशिरा येते, एवढंच काय ते शास्त्र. हर्णैला म्हणे शेंबड्या पोरालाही हे येत असे. आमच्यापैकी एकाला एमबीए येत होतं आणि दोघांना कोडिंग.

एवढं सांगून ती चपला हातात घेऊन खडकांवर उतरली. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच पुढे ढकललेली बाई! मी मागोमाग. खडकांत दोन कोळणी उकिडव्या बसून कालवं फोडत होत्या. दगडाला चिकटलेलं कालव दगडासारखंच दिसतं, मला तर दाखवूनही दिसेना. हातातल्या टोकदार लोखंडाचा एक नेमका टोला बसला की वरचं शिंपलं उडतं आणि आत राखाडी, लिबलिबीत, जेमतेम नखाएवढा गोळा. तो उचलून शेजारच्या डब्यात, तोवर दुसरा टोला. डब्यात तळ झाकेल एवढंच जमलं होतं आणि त्या दुपारपासून बसल्या होत्या. आईने भाव केला नाही. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारी आई! पैसे दिले आणि अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसली. मागे सूर्य बुडाला तो तिने पाहिलाही नाही.

चांदण्याचं काय झालं तेही सांगते. मढचा समुद्र पश्चिमेला, चंद्र उगवतो पूर्वेला. आमचा पौर्णिमेचा चंद्र स्वयंपाकघराच्या मागे, मालाडच्या टॉवरांमधून वर आला. तो आम्ही सिलिंडरशेजारी उभं राहून पाहिला.

रात्री सगळे झोपले. मला जाग आली ती आवाजाने. दादरला खिडकीखालून शेवटची लोकल जाते ती मला ऐकू येत नाही, पण हा आवाज वेगळा होता, कोणीतरी भिंतीला खांदा लावत असल्यासारखा. व्हरांड्यात आई शाल घेऊन बसलेली. बाराला दहा कमी होते, पाढा थोडा चुकला होता. पण पाणी आलं होतं. संध्याकाळचे खडक, डबकी, कुत्र्याची वाळू, सगळं खाली गेलेलं आणि दर तिसरी-चौथी लाट कठड्यावर फुटून तुषार आमच्या पायांपर्यंत येत होते. चंद्र डोक्यावर. अगदी फोटोतलंच दृश्य, फक्त सूर्य नव्हता.

आईने फोटो मागितला. चष्मा लावून बराच वेळ बघितला. "हे खोटं आहे," म्हणाली.

मला आधी वाटलं ती रंगांबद्दल बोलतेय. तिचं म्हणणं असं की भिंतीला पाणी लागतं ते उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, सूर्य-चंद्र एका रेषेत ओढत असतात तेव्हा. आणि अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे भरती नेहमी बाराच्या सुमाराला. सूर्य बुडताना भरती हवी तर अष्टमीच्या आसपास यायला हवं. पण अष्टमीला भांगाची भरती. सूर्य एकीकडे ओढतो, चंद्र काटकोनात दुसरीकडे. भरती येते पण अंग चोरून, कठड्यापर्यंत काही पोचत नाही. पावसाळ्यातलं एखादं वादळ सोडलं तर मावळता सूर्य आणि भिंतीवरची लाट या किनाऱ्यावर एकत्र भेटतच नाहीत.

मी शाळेत उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतले फरक लिहून पाच गुण मिळवले होते. त्याचा अर्थ असा काही निघतो हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. खात्री करायला मी तिथेच मोबाइलवर महापालिकेची यादी उघडली. पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वर जाणाऱ्या भरत्यांच्या तारखा आणि वेळा जाहीर होतात ती. दुपारच्या भरत्यांच्या वेळा बहुतेक बारा ते दोनच्या आगेमागे. इतकी वर्षं मी ती यादी फक्त लोकल बंद पडतील का हे बघायला वाचत होते.

"मग काय करायचं?" मी विचारलं, जणू काही आईच्या हातात होतं.

"काय करायचं? रात्री जागायचं," ती म्हणाली आणि शाल माझ्याही गुडघ्यांवर ओढली.

सकाळी नाश्त्याला समुद्र पुन्हा तिकडे. वहिनीने कालवं खाल्ली नाहीत, दादाने तिच्या वाटणीची खाल्ली. चेकआउट अकराचं. आम्ही बॅगा बाहेर आणल्या तेव्हा खडकांची शेवटची डोकी बुडत होती आणि पाणी कठड्याकडे निघालं होतं. केअरटेकर चादरी काढायच्या घाईत होता. पुढची पार्टी दोनला येणार होती. लेकीने कठड्याशी उभं राहून एक फोटो काढून घेतला, पाठीमागे भरगच्च पाणी आणि डोळ्यांत भर दुपारचं ऊन.

आई फाटकाशी थांबून बोटांवर मोजत होती.

"काल बाराच्या आत भरलं होतं, आज साडेबाराला भरेल," ती म्हणाली. "दोनला येणारी माणसं. बिचारी, उतरतं पाणीच बघायची."