मागच्या वेळी

घराजवळच्या चायनीज रेस्टॉरंटचं नाव निघालं की आमच्याकडे लगेच दोन तट पडतात, आणि दोन्हीकडची सुरुवात एकाच शब्दाने होते. "मागच्या वेळी काय नूडल्स होते!" हे माझं. "मागच्या वेळी राइसचा नुसता गिच्च गोळा होता," हे बायकोचं. मेहुणा आलेला असला तर तो मध्येच म्हणतो, "भाऊजी, ते चायनीज नव्हेच मुळी." आत्या काहीच बोलत नाही. ती फक्त जीभ टाळूला लावून बघते. त्याचं कारण पुढे येईल.

कोणी खोटं बोलतंय म्हणावं, तर तसंही नाही. तो गोळा मी डोळ्यांनी पाहिलाय. माझ्या ताटलीतले नूडल्स चाखून बायकोनेही एकदा "हं" केलेलं आहे, आणि तिचं "हं" सहजासहजी मिळत नाही. एकाच स्वयंपाकघरातून, बहुधा एकाच कढईतून, आठ दिवसांच्या अंतराने हे दोन्ही बाहेर आलेलं. मग खरं रेस्टॉरंट कुठलं? तिचं की माझं?

एकदा आम्हाला स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचं टेबल मिळालं. हे टेबल कोणीच मागत नाही. भांड्यांचा खणखणाट, आतून येणारी वाफ, आणि वेटरची कोपरं. पण त्या दिवशी मी जेवणापेक्षा आत जास्त बघितलं. आचारी अगदी किडकिडीत. डावा हात कढईच्या दांड्याला, उजव्या हातात लांब दांड्याची पळी. कढई तो उचलत नव्हताच. तिचं पोट चुलीच्या कडेवर टेकलेलं, आणि तिथल्या तिथे तो ती पुढे ढकलत, मागे ओढत होता, मुलं सी-सॉवर खेळतात तशी. भात पलीकडच्या काठावरून उसळायचा, हवेत वळायचा आणि परत आत पडायचा. मध्येच आगीची जीभ काठावरून आत यायची, तेलाचे थेंब पेटायचे आणि विझायचे. मीठ, साखर, सॉस, सगळं पळीच्या टोकाने उचललं जात होतं आणि वाडग्यांकडे त्याची नजरसुद्धा जात नव्हती. ताटली भरली, कढईत पाणी, खराट्यासारख्या ब्रशचे दोन फटकारे, वाफेचा लोट, की लगेच पुढची ऑर्डर.

या हालचालीवर शास्त्रज्ञांनीही डोकं चालवलंय. २०२० साली भौतिकशास्त्राच्या अंगाने केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तैवान आणि चीनमधल्या आचाऱ्यांचं चित्रीकरण करून त्यांनी मोजलं, तर भात सेकंदाला साधारण २.७ वेळा उडवला जातो. हे वाचल्यावर मी घरी करून पाहिलं. निम्मा भात ओट्यावर आणि दोन दिवस खांदा धरलेला. आणि माझा भात होता दोन वाट्या! तो माणूस संध्याकाळपासून तेच करत असतो. सात वाजता उडणारा भात साडेदहाला तेवढाच उडत असेल, अशी अपेक्षा मी तरी आता करत नाही.

एवढी खटपट कशासाठी, तर ज्याला कँटोनीज लोक "वॉक हे" म्हणतात त्यासाठी. कढईचा श्वास. किंचित जळकट, धुरकट असा तो वास घरच्या शेगडीवर येत नाही, कारण तिथली आच रेस्टॉरंटच्या भट्टीच्या पासंगालाही पुरत नाही. पण श्वासच तो, टिकणार किती? ताटली टेबलावर आली आणि आपण आधी फोटो काढला, मग चमचे वाटले, मग "तू घे, तू घे" केलं, की तो गेला. पार्सलचं तर विचारूच नका. गरम पदार्थ डब्यात कोंडला की वाफेला जायला जागा नसते. तिचंच पाणी होतं आणि कॉर्नफ्लोअरचं कुरकुरीत आवरण भिजून लोळागोळा. आमच्या जिन्यात या रेस्टॉरंटला नावं ठेवणारे जे आहेत, त्यातले बरेचसे पार्सलवाले आहेत हे मी ताडलंय. खिडकीसमोर बसणारा मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार की छान होतं म्हणून?

राइसच्या गोळ्याची कथा मात्र निराळी आहे, आणि ती आमच्या घरात उघडपणे बोलता येत नाही. त्या दिवशी ऑर्डर देताना बायकोने वेटरला विचारलं होतं, "भात शिळा नाही ना?" "नाही मॅडम, आत्ताच लावलाय," तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. तिथेच घात झाला. फ्राइड राइसला आदल्या दिवशीचा, थंड केलेला भात चांगला. रात्रभर गारठ्यात राहिला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणा दाण्यापासून सुटतो. ताजा भात ओलसर, चिकट. कढईत पडला की एकमेकांना मिठ्या मारतो. म्हणजे रेस्टॉरंटला तुडुंब गर्दी झाली, कालचा भात संपला, की नेमका त्याच दिवशी राइस बिघडायचा. नवा माणूस गर्दी बघून आत शिरणार आणि गोळा खाऊन बाहेर पडणार. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे चूक माझी?" मी विषय बदलला.

सगळ्याचंच समर्थन करायला मी काही बसलेलो नाही. एका रविवारी माझ्या पुढ्यात जी ग्रेव्ही आली ती खळ होती, पत्रिका चिकटवता येतील अशी. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून शेवटी ओततात, आणि त्याला नीट उकळी यावी लागते; तेव्हा कुठे रस्सा पारदर्शक, तकतकीत होतो. त्या दिवशी कोणालातरी दोन मिनिटं धीर नव्हता. रंग गढूळ, चव कच्च्या पिठाची. वेटरला सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे अशीच असते." मागच्या वेळी अशी नव्हती, हे मी त्याला तीनदा सांगितलं. माझं "मागच्या वेळी" त्याच्या काय कामाचं! त्याला कामाला लागूनच तीन आठवडे झाले होते.

मेहुण्याचा आक्षेप वेगळ्या दर्जाचा आहे. त्याला अस्सल हवं. मी त्याला जनरल त्सोंच्या चिकनची गोष्ट सांगतो. हे चिनी सेनापती, त्सो त्सुंग-तांग, १८८५ साली वारले. त्यांच्या नावाचा पदार्थ हुनान प्रांतातून आलेल्या पेंग चांग-कुएई नावाच्या आचाऱ्याने १९५०च्या दशकात तैवानमध्ये बसवला, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये तो गोड, कुरकुरीत होत गेला. म्हणजे ज्यांचं नाव, त्यांनी तो कधी चाखलेलाच नाही. आता यातलं अस्सल कुठलं ते तू ठरव, म्हटलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण यात अजिनोमोटो आहे." आणि टोमॅटो सूपचा भुरका मारला. अजिनोमोटोतलं मुख्य द्रव्य म्हणजे ग्लुटामेट, आणि टोमॅटोत तेच निसर्गतःच असतं. किकुनाए इकेडा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ते समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळं केलं. १९६८ साली एका डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं की चायनीज खाल्ल्यावर मान बधिर होते, आणि तेव्हापासून बिचारं ते बदनाम. पुढे काय खातोय हे न सांगता केलेल्या चाचण्यांत तो त्रास खात्रीने दाखवता आला नाही. हे मी मेहुण्याला सांगत नाही. मुलीकडचा माणूस आहे.

आता आत्या. तिला कुठलंच हॉटेल आवडत नाही, पण ती प्रत्येक वेळी तयार मात्र सगळ्यांच्या आधी होते. गेल्या खेपेला वेटरने "आज नवीन डिश आहे" म्हणून सेचुआन पद्धतीचे बीन्स आणले. दोन घास झाले आणि आत्याचा चेहरा बदलला. चमचा खाली. "अगं, माझी जीभ गेली," ती बायकोला म्हणाली. "ओठांना मुंग्या आल्यात. कसलं तेल वापरतात हे?" बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, मेहुण्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं, आणि मी बीन्समधून एक बारीकसं तपकिरी टरफल उचलून आत्याला दाखवलं. सेचुआन मिरी. नाव मिरी, पण कूळ लिंबाचं. त्यातलं एक द्रव्य जिभेच्या स्पर्शाच्या नसांना फसवतं. ओठांवर सेकंदाला जवळजवळ पन्नास कंपनं होत असल्यासारखं वाटतं, असं एका प्रयोगात मोजलेलं आहे. चिनी भाषेत याला "मा-ला" म्हणतात. "मा" म्हणजे बधिर, "ला" म्हणजे तिखट. आत्याने सगळं ऐकून घेतलं. "पैसे देऊन जीभ बधिर करून घ्यायची," एवढंच ती म्हणाली, आणि घरी येईपर्यंत ओठांवरून बोट फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी दोन शेजारणींना तिने फोन करून ही हकीकत सांगितली. त्या आता तिकडे पाऊल ठेवणार नाहीत.

परवा पुन्हा गेलो. राइस सुटा होता, बायको गप्प होती, म्हणजे चांगलाच असणार. माझे नूडल्स मात्र तेलकट निघाले. खिडकीतून बघितलं तर कढईपाशी कोणी दुसराच, चांगला आडवातिडवा गडी उभा. आत्याने मेन्यू न बघताच ते बीन्स मागवले. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. बीन्स आले. तिने एक घास घेतला, जीभ टाळूला लावून बघितली, दुसरा घेतला, पुन्हा बघितली. मग वेटरला हाक मारून म्हणाली,

"अरे, यात आज त्या मुंग्या नाहीत. मागच्या वेळी होत्या."