रोजच्या ताटात किमची: जिवाणूंचा आणि मिठाचा हिशेब

२००३ साली सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य रोगाची साथ पूर्व आशियात पसरली, तेव्हा दक्षिण कोरियात तिचे रुग्ण अगदी मोजके सापडले आणि त्याचे श्रेय अनेकांनी किमची या आंबवलेल्या कोरियन भाजीला, विशेषतः तिच्यातल्या लसणाला, देऊन टाकले. त्या काळात शेजारच्या देशांतही किमचीचा खप वाढला. पुढे २००६ मध्ये ‘हेल्थ’ या अमेरिकी मासिकाने जगातल्या पाच सर्वांत आरोग्यदायी पदार्थांची यादी छापली आणि तीत किमचीला स्थान दिले. त्याच यादीत भारताची डाळही होती, पण ती बिचारी आपल्याकडे कोणाच्या लक्षात राहिली नाही. सार्सविषयीचा दावा कधीच सिद्ध झाला नाही. मात्र किमची म्हणजे पोटाचे औषध, ही समजूत तेव्हापासून जी रुजली ती रुजलीच, आणि आता कोरियन मालिका पाहणाऱ्या तरुण मंडळींबरोबर ती आपल्या घरांतही आली आहे.

आमच्या घरी ती भाचीने आणली. पुण्याच्या परिसरात कोरियन कंपन्यांचे कारखाने असल्यामुळे कोरियन खाणावळी आणि वाणसामानाची दुकाने शहरात आहेत, त्यामुळे बरणी मिळवणे अवघड नव्हते. “मावशी, रोज थोडी खात जा, पचन सुधारेल,” असे तिने सांगितले. मला चव आवडली, परंतु मी रक्तदाबाची गोळी घेते आणि डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितलेले आहे, त्यामुळे रोज खाण्याआधी या पदार्थात नेमके काय असते आणि त्याच्या गुणांविषयी काय ठाऊक आहे, हे नीट पाहून घ्यावे असे वाटले.

किमची म्हणजे मुख्यतः नापा या लांबट चिनी कोबीची मिठात मुरवून आंबवलेली भाजी, जरी मुळा, काकडी, कांद्याची पात यांच्याही किमची कोरियात घरोघरी होतात. कोबीचे उभे भाग करून पानापानांत जाडे समुद्री मीठ भरतात, काही तास किंवा रात्रभर तसेच ठेवतात, मग तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन निथळतात. त्यानंतर लाल मिरचीची भरड, लसूण, आले, कांद्याची पात, मुळ्याचा कीस, तांदळाच्या पिठाची पातळ पेज आणि मिठात आंबवलेली बारीक कोळंबी किंवा मासळी एकत्र करून तो लेप प्रत्येक पानाला लावतात. ही बारीक कोळंबी आपल्या जवळ्याच्याच कुळातली असते, त्यामुळे कोकणातल्या माणसाला किमचीचा वास परका वाटू नये. मिरची मात्र कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतर आली. त्यापूर्वी शतकानुशतके तिथे मिठात मुरवलेल्या भाज्या खाल्ल्या जात होत्या आणि त्यांचा रंग लाल नव्हता.

दह्याला विरजण लावावे लागते, किमचीला ते लागत नाही, कारण कोबीच्या पानांवर आणि लसणा-आल्यावर असलेले जिवाणूच पुढचे काम करतात. मिठामुळे कुजवणाऱ्या जिवाणूंची वाढ मंदावते आणि मीठ सहन करणाऱ्या, लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना मोकळे रान मिळते. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक या गटाचे जिवाणू वाढतात. ते आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही तयार करतात, आणि ताज्या मुरलेल्या किमचीत जिभेला जो हलका चुरचुरीत स्पर्श जाणवतो तो याच वायूमुळे. आंबटपणा वाढत गेला की हा गट मागे पडतो आणि अधिक आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस गटाचे जिवाणू पुढे येतात. किमची ऐन चवीवर असते तेव्हा तिचा सामू (पीएच, आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ४.२ ते ४.५ असतो आणि एका ग्रॅममध्ये या जिवाणूंची संख्या कोटींच्या घरात गेलेली असते. ती खाताना आपण याच जिवाणूंचा मोठा डोस घेत असतो, आणि आरोग्याविषयीचे बहुतेक दावे त्यांच्याभोवतीच फिरतात.

या सगळ्याला थंडी लागते, आणि इथेच मिठाचा प्रश्न हवामानाशी जोडला जातो. कोरियात हिवाळ्याच्या तोंडावर शेजारीपाजारी एकत्र येऊन वर्षाची किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने या प्रथेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला आणि २०१५ मध्ये उत्तर कोरियाच्या किमची घालण्याच्या परंपरेलाही तो मान मिळाला. पूर्वी मातीचे रांजण जमिनीत पुरून ठेवत, म्हणजे गोठणबिंदूच्या आसपासच्या तापमानात किमची महिनोन्‌महिने सावकाश मुरत असे. देशाच्या उत्तरेकडच्या थंड भागात ती कमी खारट आणि पाणीदार असते, तर दक्षिणेकडच्या जॉल्ला आणि ग्यॉंगसांग या उबदार प्रांतांत मीठ आणि खारवलेली मासळी दोन्ही अधिक घालतात, कारण तिथे टिकाऊपणाची किंमत मिठाने मोजावी लागे. १९९५ मध्ये किमचीसाठी खास बनवलेला घरगुती फ्रीज बाजारात आला आणि लोकप्रिय झाला. त्याच्यामुळे कमी मिठाची किमचीही दीर्घकाळ ठेवता येऊ लागली. आरोग्याच्या दृष्टीने मला हा फ्रीज एखाद्या नव्या संशोधनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पुण्यात एप्रिल महिन्यात ओट्यावर ठेवलेली किमची दुसऱ्याच दिवशी झणझणीत आंबट होते, कारण उष्णतेत ल्युकोनोस्टॉक गटाला पुरेसा वेळच मिळत नाही. म्हणून आपल्याकडे ती घालायची असेल तर काही तासांत फ्रीजमध्ये हलवणे भाग आहे, आणि फ्रीज हाताशी असताना टिकण्यासाठी जास्त मीठ घालण्याचे कारणही उरत नाही.

आता गुणांकडे वळू. आंबवलेल्या पदार्थांवरचा मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटलेला प्रयोग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात ३६ निरोगी प्रौढांचे दोन गट केले होते. एकाने तंतुमय पदार्थ वाढवले, तर दुसऱ्याने दही, केफिर (आंबवलेले दूध), किमचीसारख्या आंबवलेल्या भाज्या, कोम्बुचा (आंबवलेला चहा) असे पदार्थ १० आठवडे खाल्ले. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाशी (शरीरातल्या सूजेशी) संबंधित १९ प्रथिनांचे प्रमाण घटले. गंमत म्हणजे वाढलेल्या विविधतेतले फार थोडे जिवाणू त्या पदार्थांमधून थेट आलेले होते, म्हणजे खाल्लेले जिवाणू आतड्यात जाऊन कायमचे बिऱ्हाड करतात ही आपली कल्पना फारशी खरी नाही, परिणाम बहुधा अधिक आडवळणाने होतो. परंतु हा प्रयोग लहान होता, त्यातली माणसे दिवसाला सहाच्या आसपास वाढप्या (एका वेळी ताटात वाढले जाते ते माप) खात होती, आणि किमची ही अनेक पदार्थांपैकी एक होती. त्यावरून “किमची खा आणि दाह घटवा” असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

खुद्द किमचीवरचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आला. ४० ते ६९ वयाच्या १,१५,७२६ कोरियन स्त्रीपुरुषांच्या आहाराची आणि वजनाची माहिती त्यात तपासली होती, आणि एक वाढप म्हणजे ५० ग्रॅम असे माप धरले होते. दिवसाला एक ते तीन वाढप्या खाणाऱ्या पुरुषांमध्ये, एकीहून कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, लठ्ठपणाचे प्रमाण ११ टक्के कमी आढळले. वर्तमानपत्रांनी एवढेच उचलले. पण त्याच अभ्यासात पाच किंवा अधिक वाढप्या खाणाऱ्यांचे वजन मात्र जास्त निघाले, बहुधा किमची खूप खाणारा माणूस तिच्यासोबत भातही खूप खातो म्हणून, शिवाय त्याचे एकूण खाणेच जास्त असते. शिवाय ही एका वेळी घेतलेली नोंद आहे. किमचीमुळे वजन कमी राहिले, की शिस्तीने जेवणारी माणसे किमचीही माफक खातात, हे तिच्यावरून ठरत नाही. या कामाला निधी क्वांगजू येथील जागतिक किमची संस्थेचा होता. तो तपशील लक्षात ठेवावा, पण तेवढ्यावरून निष्कर्ष झटकून टाकू नयेत, कारण अति खाण्याची गैरसोयीची बाजूही संशोधकांनी लपवलेली नाही.

माझ्यासाठी मुख्य अडचण मिठाची होती. बाजारातल्या किमचीत १०० ग्रॅमला साधारण ५०० ते ७०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे सव्वा ते पावणेदोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. याचा अर्थ असा की दिवसाला १५० ग्रॅम किमची खाल्ली तर दोन ते अडीच ग्रॅम मीठ तिथेच संपते आणि भाजी, आमटी, भाकरी यांच्यासाठी जेमतेम निम्मे उरते. कोरियालाही हा हिशेब चुकलेला नाही. २०१० च्या सुमारास तिथे माणशी रोजचे सोडियम सरासरी ४,८०० मिलिग्रॅमच्या आसपास होते. सरकारने मोहीम हाती घेतल्यानंतर पुढच्या दहा वर्षांत ते ३,३०० च्या आसपास उतरले, आणि तरीही ते शिफारशीहून बरेच वर आहे. किमचीइतकाच दोष त्यात रश्श्यांचा आणि नूडल्सचाही आहे. विशेष म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवर आधारलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किमची जास्त खाणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक आढळला नाही. भाज्यांमधले पोटॅशियम सोडियमचा परिणाम काही अंशी झेलत असेल, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटण्यासारखे वाटते, पण ज्याला आधीच गोळी सुरू आहे त्याने या एका निष्कर्षावर विसंबून मीठ वाढवावे, असे मी म्हणणार नाही.

जठराच्या कर्करोगाचा विषयही टाळता येत नाही, कारण दक्षिण कोरिया हा त्या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी एक आहे आणि तिथे चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणीची सरकारी सोय आहे. या रोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे. अति मीठ जठराच्या आतल्या आवरणाला इजा करते आणि या जिवाणूचे काम सोपे करते. कोरियातल्या काही तुलनात्मक अभ्यासांत जास्त किमची खाणाऱ्यांत धोका अधिक दिसला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्येच पारंपरिक आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्यांना ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशा, म्हणजे मर्यादित पुरावा असलेल्या, गटात ठेवले. हा इशारा भरपूर मिठाच्या, रोज आणि भरपूर खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांविषयी आहे. आठवड्यातून दोनदा चार घास खाणाऱ्याने त्यामुळे झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

आपल्या ताटाशी तुलना केली की एक गोष्ट स्पष्ट होते. कैरीच्या लोणच्यात मिठाचे प्रमाण किमचीच्या कितीतरी पट असते, पण लोणचे आपण एक-दोन फोडी खातो आणि किमची वाटीने. म्हणून किमची लोणच्याच्या आणि पापडाच्या जोडीला न घेता त्यांच्या जागी घ्यावी, असे मी ठरवले आहे, आणि घेते तेही दोन-तीन चमचेच, बिनमिठाच्या भातासोबत. घरी करताना ब्याडगी मिरची वापरते. तिचा रंग गडद आणि तिखटपणा बेताचा असल्यामुळे ती कोरियन मिरचीच्या बरीच जवळ जाते. शाकाहारी वाचकांसाठी सांगायचे तर मासळी अपरिहार्य नाही. कोरियातल्या बौद्ध मठांत मासळीच काय, कांदा-लसूणही न घालता किमची करतात, आणि अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१८ मध्ये असे आढळले की मासळीविना केलेल्या आणि पारंपरिक किमचीत मुरल्यानंतर जवळजवळ सारखेच जिवाणू असतात.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची सवय लावू नये. मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे रुग्ण मिठामुळे या यादीत येतात. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांना कोबीतल्या ‘के’ जीवनसत्त्वाचे प्रमाण एकाएकी वाढवणे महागात पडू शकते, तर नैराश्यावरच्या एमएओ रोधक गटाची औषधे घेणाऱ्यांना आंबवलेल्या पदार्थांतील टायरामीन हे द्रव्य त्रासदायक ठरते. ज्यांचे आतडे हळवे आहे त्यांना लसूण आणि कोबी यांनीच पोट फुगण्याचा त्रास होतो, मग जिवाणू कितीही गुणी असोत.

विकत घेताना बरणी कुठे ठेवलेली आहे ते पाहावे. फ्रीजबाहेरच्या फळीवर महिनोन्‌महिने टिकणारी किमची बहुधा उष्णता देऊन बंद केलेली असते. तिची चव राहते, तंतू राहतात, जिवंत जिवाणू मात्र राहत नाहीत. किमचीचा रस्सा किंवा परतलेला भात केला तरीही हेच होते. काही बरण्यांत तर आंबवण्याऐवजी व्हिनेगर घालून आंबटपणा आणलेला असतो, तेव्हा घटकांच्या यादीत व्हिनेगर कितव्या क्रमांकावर आहे आणि १०० ग्रॅममागे सोडियम किती आहे, हे दोन आकडे वाचूनच ती टोपलीत टाकावी.